तळहातावरची चांदी

आमचे डॉक्टर दारू पितात, असं मी चार पंचांसमोर सांगितलं होतं. कोणी माझा हात पिरगाळला नव्हता. मला विचारलं, मी सांगितलं, आणि घरी येऊन निवांत भाकरी खाल्ली. सुरुवात इथूनच करते. नाहीतर पुढचं सगळं मी गोड करून सांगेन, आणि तुम्ही मला भली बाई समजून बसाल.

गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची. अमरावतीत एक धर्मादाय दवाखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला एक बुटकी खोली होती, ती दातांची. गावात शिकून आलेला दातांचा डॉक्टर हा एवढाच. बाकी दात दुखला की लोक बाजारात जंबूर घेऊन बसणाऱ्याकडे जात आणि दाताबरोबर हिरडीचा तुकडाही देऊन येत. आमचे डॉक्टर कलकत्त्याला शिकले होते. चाळिशीला टेकलेले, काटकुळे, एकटे राहणारे. रिद्धपूरचा उपदेश घेतलेले पक्के महानुभाव पंथाचे. भेटेल त्याला आधी "दंडवत" म्हणायचे. मांस नाही, दारू नाही, आणि ज्या घरात ती आहे त्या घरचं पाणीही नाही.

बाया पुरुषासमोर तोंड उघडत नसत, म्हणून त्यांना एक बाई हवी होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची विधवा. माझं माहेर अकोल्याचं, मोर्णेच्या काठी आमचा वांग्या-कोथिंबिरीचा मळा. नवरा दारूनं गेला. नंतर भावानं मला अमरावतीला आणलं. तो तिथे भाजी विकायचा आणि मी वहिनीच्या हाताखाली दिवस काढायची. चौथी पास होते, एवढीच माझी पुंजी. भावानं कोणाकडून तरी ऐकलं आणि मला त्या खोलीत नेऊन उभं केलं.

मी नाव सांगायला लागले, तर डॉक्टर म्हणाले, "नाव मंग. आंधी तोंड उघड."

माझं डोकंच फिरलं. भाऊ शेजारी उभा, आणि हा बाप्या मला तोंड उघडायला सांगतो. भावानं कोपर मारलं तेव्हा उघडलं. त्यांनी छोटा आरसा आत घालून इतका वेळ पाहिलं की माझा जबडा दुखायला लागला. मग वही ओढून लिहिलं: बत्तीस. कीड नाही. हिरड्या गुलाबी. कडुनिंबाची काडी.

"असं तोंड म्या वऱ्हाडात नाई पाह्यलं," ते भावाला म्हणाले. "उद्यापासून येऊ दे इले." माझी नेमणूक अशी झाली. नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

ती वही म्हणजे डॉक्टरांचा जीव की प्राण. तिला ते तोंडांची वही म्हणायचे. अमरावती-अकोल्याच्या माणसांची तोंडं कशी आहेत, कोण दातांना काय लावतो आणि त्यानं काय होतं, हे सगळं शोधून नागपूरच्या सरकारकडे धाडायचं हा त्यांचा ध्यास. राखुंडी, कोळसा, मीठ, विटेचा भुगा, बाभळीचं दातण, मिसरी, सगळ्यांचे वेगळे रकाने. पेशंटांनी भागेना, म्हणून ते तोंडांच्या शिकारीला निघायचे. कौंडण्यपूरच्या जत्रेत लोक देवदर्शनाला रांगेत उभे, आणि हे रांगेशेजारून "तोंड उघडा, तोंड उघडा" करत चाललेले. पंधरवड्यातून एकदा आम्ही अकोल्याला जायचो, तेव्हा बडनेऱ्याला गाडीची वाट पाहताना हमालांना चहा पाजून त्यांच्या दाढा मोजायचे. एकदा तिकीट तपासायला आलेल्या बाबूलाच म्हणाले, "तिकीट दाखवतो, पन तुमी आंधी ती मांगची दाढ दाखवा." बाबू भांबावला आणि त्यानं खरंच दाखवली.

माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही, चेहराही नाही. तोंड मात्र पक्कं. रस्त्यात कोणी नमस्कार केला की हे गोंधळून बघत राहायचे. त्यानं हसून दात दाखवले की यांचा चेहरा खुलायचा. "अरे, तुमी! खालची डावी दाढ. कशी आहे आता?" बाजारात लोक मुद्दाम ओठ मिटून त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि गंमत बघायचे.

मिसरीवर त्यांचा भारी राग. कापसाच्या जिनात सरकी काढणाऱ्या बाया तंबाखू जाळून केलेली ती काळी पूड दिवसातून चार-चार वेळा हिरड्यांना घासायच्या. एकदा त्यातल्या एकीवर ते चिडले. "माय, सोड ते. चाळिशीत बोयकी होशीन."

ती म्हणाली, "मिसरी लावली का भूक मरते, डाक्टरसाहेब. तुमी दोन वक्ताची भाकर द्या, मी आजच सोडते."

डॉक्टरांनी वही पुढे ओढली. मला म्हणाले, "लिही हे." कुठल्या रकान्यात, मी विचारलं. "नवा काढ," ते म्हणाले. त्या रकान्याला त्यांनी 'भूक' असं नाव दिलं, आणि त्यानंतर प्रत्येक मिसरीवालीला ते आधी जेवणाचं विचारायला लागले.

आता त्यांच्या तऱ्हा सांगते. या तऱ्हांवर मी आणि भाऊ पोट धरून हसलो आहोत, म्हणून सांगताना आता हसू येत नाही.

पेशंट खुर्चीत बसला की डॉक्टर म्हणायचे, "डोये मिट, तोंड उघड." सोबत आलेल्या नातेवाइकाला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. आपल्या हाताकडे कोणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. पाहिलं की हात आणखी थरथरायचा. चहा ते पडद्यामागे जाऊन प्यायचे, कपावर रुमाल धरून. कोणी मोठा माणूस भेटायला आला की कानापर्यंत लाल व्हायचे आणि मागच्या दारानं निघून जायचे. भाऊ घरी त्यांची नक्कल करायचा. "तुमचा डाक्टर नवरीवानी लाजते," म्हणायचा. दवाखान्याच्या विहिरीचं पाणी तांब्यासारखं लागतं असा त्यांचा हट्ट. मग दुसऱ्या विहिरीचं आणलं, मग तिसऱ्या. तिसऱ्याचंही तसंच लागलं. सारखे थुंकायचे. रात्री झोप नाही म्हणायचे. आणि राग तर असा की विचारू नका. एकदा दिवा जरा तिरपा धरला म्हणून खल उचलून भिंतीवर आपटला. पाचच मिनिटांनी माझ्यासमोर उभं राहून लहान पोरासारखे रडायला लागले. मी दारुड्याचा संसार केलेली बाई. खल फेकणं आणि मग रडणं, हे दोन्ही मी चार वर्षं रोज पाहिलं होतं.

माझं मुख्य काम चांदी घोटायचं. दाढेत कीड लागली की डॉक्टर पायानं चालवायच्या यंत्रानं ती कोरायचे आणि खड्ड्यात चांदी भरायचे. ती चांदी ताजी करावी लागे. खलात चांदीची पूड घ्यायची, वर पारा ओतायचा, घोटायचं. लोण्यासारखा गोळा झाला की तो तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचा, मग मऊ कातड्यात धरून पिळायचा. जास्तीचा पारा कातड्यातून थेंब-थेंब बाहेर येई. दुसरी एक स्वस्तातली तांब्याची गोळी असायची, ती लोखंडी पळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. अंगावर घाम फुटावा तसे पाऱ्याचे मणी तिच्यावर फुटत, तेव्हा ती उतरवायची. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे सोडून खोली गच्च बंद केलेली असे. फरशीच्या फटींत सांडलेला पारा चमकत असे. मला ते सगळं फार आवडायचं. वांगी तोडण्यापेक्षा हे काम भारी वाटायचं. तळहातावर चांदी घोटणारी अख्ख्या वऱ्हाडात मीच एकटी बाई असेन, असा मला तोरा होता.

पिळून निघालेला पारा डॉक्टर पुन्हा वापरत नसत. फेकून द्यायचंही त्यांच्या जिवावर येई. आमच्याकडे बाया पारा राखेत खलून ज्वारीच्या कोठीत टाकतात, म्हणजे किडा लागत नाही. उवा झाल्या की विड्याच्या पानाच्या रसात पारा चोळून पोरींच्या केसांना लावतात. बाजारात पारा महाग. तेव्हा डॉक्टर तो कुप्यांत भरून बायांना फुकट द्यायचे. कुप्या यायच्या आपाकडून. आपा म्हणजे दवाखान्यासमोरच्या अत्तरवाल्याची म्हातारी बायको. रिकाम्या अत्तराच्या कुप्या ती धुऊन पाठवायची. एरवी बाईमाणसाशी नजर न मिळवणारे डॉक्टर, ती कुपी पुढे करताना मात्र हसायचे. "ने माय. ज्वारीत टाकजो." त्यांच्या हातून सुटणारा एवढाच लाड होता.

एक कुपी मीही घरी नेली होती, वहिनीला द्यायला.

मग तो दिवस आला. एका मास्तरांची बायको दाढ कोरून घ्यायला बसली होती. मी दिवा धरलेला. तिनं मधेच डोळे उघडले आणि डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं. हात जो थरथरला तो थांबेना. यंत्राची सुई घसरली आणि तिचा गाल आतून फाटला. रक्त बघून मास्तर ओरडत पंचांकडे गेले.

दोन दिवसांनी पंचांनी मला बोलावलं. दवाखाना चालवणारे चौघे जण, गावातले प्रतिष्ठित. बोलायचे ते मुख्य शेटजीच, धामणगावला कापसाचा धंदा असलेले. मी पदर ओढून दाराशी उभी राहिले.

"डाक्टर पेते काय?" शेटजींनी विचारलं.

त्याआधी महिनाभर मी बाटली शोधत होते, हे तुम्हाला सांगायला हवं. औषधांचं कपाट, पडद्यामागचा कोनाडा, वह्यांच्या मागची जागा, सगळं चाचपलं. त्यांच्या कपाचा वाससुद्धा घेतला. काही सापडलं नाही. पण माझ्या मनात जे बसलं होतं ते हलेना. थरथरता हात, लाल चेहरा, लपून चहा, राग आणि रडणं. माझा नवरा असाच होता. आणि त्या सकाळी त्यांनी माझ्यावर पुन्हा आरडाओरडा केला होता, तो राग होताच.

"पेत असतीन," मी म्हणाले. "दारुड्याची बायको होती मी. मले समजते."

बाटली सापडली का, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पंचांनी महिनाअखेर डॉक्टरांनी जावं असं ठरवलं, आणि तोवर कोणाच्या तोंडात यंत्र घालायचं नाही. दारुड्या डॉक्टर ही गोष्ट संध्याकाळपर्यंत भाजीबाजारात पोचली. माझ्या भावानंच ती पोचवली.

डॉक्टरांना कळलं होतं मी काय बोलले ते. दुसऱ्या दिवशी मी गेले तर नेहमीसारखं "दंडवत" म्हणाले. जुनी पानं नव्या वहीत उतरवायचं काम दिलं. मला तर वाटलं होतं ते मला हाकलून देतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

आठवडाभरानं मी वही उतरवत होते. डॉक्टर मागून आले आणि उभे राहिले. माझी अक्षरं मुंग्या पळाव्या तशी ओळीबाहेर गेली होती.

"हात समोर कर," ते म्हणाले. मी केला. बोटं बारीक थरथरत होती. मी मूठ मिटली, तर त्यांनी ती उघडली.

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून. काम लय झालं म्हणून असन."

"तोंड उघड."

त्यांनी आरसा घातला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मिसरी लावून राहिली काय तू?"

मी तडकले. "आईची आन घेते. कडुनिंबाशिवाय काई लावलं नाई जल्मात."

"मंग हे काय हाय? हिरड्या सुजल्या. दात हालून राहिले. कडंले काळी रेघ." त्यांनी जुनी वही काढली आणि माझं पहिलं पान उघडलं. बत्तीस, गुलाबी, कीड नाही. ते पान आणि माझं तोंड, असं चार-पाच वेळा पाहिलं. मग तोच आरसा धुतला, खिडकीशी गेले, भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःचं तोंड उघडलं.

इतकी तोंडं तपासणाऱ्या या माणसानं स्वतःचं कधी पाहिलंच नव्हतं. वहीत त्यांचं पान नव्हतं.

बराच वेळ ते तिथे होते. मग पेशंटच्या खुर्चीत येऊन बसले. मी विचारलं, काय झालं. ते हळू बोलायला लागले. "कलकत्त्याले शिकत होतो तवा सोन्याचा मुलामा देनारे कारागीर यायचे दवाखान्यात. पारा तापवून काम करत ते. दात हालनारे, हात थरथरनारे, लाजरे, रागीट. पान्याले तांब्याची चव येते म्हनायचे. आमच्या शिकवनाऱ्या मास्तरनं सांगितलं होतं, हे पाऱ्याचं इख हाय. ते पाठमोरे झाले का आमी पोट्टे त्यायले हसत होतो. म्हनत होतो, सारे दारुडे हायेत."

मी त्या खोलीत उभी होते आणि एकेक गोष्ट माझ्यासमोर उलटी होत होती. विहिरीचं पाणी. रुमालाखालचा कप. डोये मिट. खल भिंतीवर आपटणं आणि रडणं. आम्ही ज्याला तऱ्हा म्हणून हसत होतो तो आजार होता. दोन वर्षं मी तो माझ्या डोळ्यांनी बघत होते, आणि माझ्याच तळहातावर घोटत होते.

"डाक्टरसाहेब, मी पंचायसमोर..." मी म्हणायला लागले.

"तू खोटं नाई बोलली. जे दिसलं ते बोलली. म्याही तेच केलं होतं कलकत्त्याले," ते म्हणाले. "तुयावर राग नाई माहा. पन आता अडचन झाली."

त्यांनी समोरच्या फळीकडे बोट केलं. तिथे अत्तराच्या कुप्या भरून ओळीनं ठेवल्या होत्या.

"किती घरी देल्या आपन? तीस? चाळीस? लोक ज्वारीत टाकून राहिले, पोट्ट्यायच्या डोक्याले लावून राहिले. हे इख हाय असं म्या आता घरोघरी जाऊन सांगाव, तं दारुड्याचं कोन ऐकन?"

मला वहिनीची कोठी आठवली. त्याच ज्वारीची भाकरी मी सकाळी खाऊन आले होते, आणि भावाची दोन्ही पोरं रोज खात होती. मी तशीच पळत घरी गेले. कुपी अर्धी राखेत कालवून कोठीत गेली होती. मी ज्वारी अंगणात ओतायला लागले तर वहिनीनं माझा हात धरला. काय झालं हे मी सांगितलं. ती म्हणाली, "त्या बेवड्यानं सांगितलं आन तू खरं मानलं?" भावानं कोठी परत भरायला लावली. बेवडा हा शब्द या घरात मीच आणला होता, तेव्हा मी कोणाला काय बोलणार.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर आणि मी घरोघरी निघालो. मोठा माणूस दिसला तर मागच्या दारानं पळणारे डॉक्टर, अनोळखी ओसऱ्यांवर उभे राहून पारा परत मागत होते. चेहरा लाल, कपाळावर घाम, हात सदऱ्याच्या खिशात खुपसलेले. एकीनं विचारलं, "देल्लं वापस मांगता? सकायी-सकायीच घेतली काय?" एका सासूनं सांगितलं की ज्वारीला किडा लागला तर तुमी भरून द्या. एकीनं दारच लावून घेतलं आणि आतून पोरं खिदळली. एका घरी मालकानं डॉक्टरांच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला आणि "हुशार हाये, इलायची खाऊन आला," म्हणाला. डॉक्टरांनी त्यालाही दंडवत घातला. मला रस्त्यात रडू कोसळलं. "रडू नको," ते म्हणाले, "अजून लय घरं बाकी हायेत."

आपानं मात्र काही विचारलं नाही. आतून कुपी आणून त्यांच्या हातात ठेवली. "डाक्टरसाब, आप मांगते तं खराबच असन ते," म्हणाली. मग म्हणाली, "लेकिन नातीच्या डोक्याले लावलं म्या. दो जुम्मे झाले."

नात सहा वर्षांची. तिला बाहेर आणलं तेव्हा ती कोणाला हात लावू देईना. हाताचे-पायाचे तळवे गुलाबी पडलेले आणि दुखरे, तोंडातून सारखी लाळ, हिरड्यांतून रक्त. उजेडाकडे बघितलं की रडायची. आपाला वाटलं होतं नजर लागली. डॉक्टर तिच्यासमोर मांडी घालून बसले. मी हे दृश्य अनेक वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी तिला "तोंड उघड" म्हटलं नाही. त्यांना म्हणवेना. मीच आपाला सांगून तिचे केस काढायला लावले आणि डोकं धुतलं. पोर पुढे वाचली, पण चालायला लागायला तिला वर्ष गेलं.

त्या संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाच कुप्या जमल्या होत्या. फक्त पाच. बाकीची घरं मी मनातल्या मनात मोजायला लागले. कोणत्या घरात पोरं आहेत, कोणाची सून पोटुशी आहे, हे मला तोंडपाठ होतं.

मी डॉक्टरांना म्हणाले, "मी पंचायकडे जाते. दवाखान्याकून दवंडी पिटवली तं लोक देतीन."

"नको जाऊ. तुयं नाव खराब होईन."

"माहं काय खराब व्हायचं राह्यलं," मी म्हणाले आणि गेले.

चौघेही ओसरीवर बसले होते. मी दाराशी उभी राहिले नाही, पुढे गेले. एक कुपी दाखवायला हातात घेतली होती. मी सगळं सांगितलं. डॉक्टर पीत नाहीत, मला बाटली कधीच सापडली नव्हती, हे पाऱ्याचं विष आहे, आपाच्या नातीचं काय झालं ते येऊन पाहा, आणि दवंडी द्या, आजच द्या.

शेटजींनी ऐकून घेतलं. "हे तुले कोनं सांगितलं?"

"डाक्टरसाहेबानं."

"म्हंजे त्याचंच त्यानं सांगितलं," ते बाकीच्यांकडे बघून म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. कुपी हलत होती. लोक बघायला लागले तशी जास्तच हलायला लागली. आतला पारा काचेवर टकटक वाजत होता आणि मला तो थांबवता येईना.

"अवं बाई," शेटजी म्हणाले, "तुयाही हात थरथरून राहिला. तूही घेतं काय त्याच्यासंगं?"

एकजण हसला. दुसऱ्यानं मान खाली घातली. खोलीत दोघंच असायची, विधवा बाई, असं कोणीतरी हळू म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थरथरणारा हात म्हणजे दारू, हे या चौघांना मीच येऊन शिकवलं होतं. मी काहीही बोलले असते तरी आता ते दारुडीचंच बोलणं होणार होतं.

मग मी डोक्यावरचा पदर मागे टाकला, दोन पावलं पुढे गेले आणि तोंड उघडलं. जेवढं उघडता येईल तेवढं. बोटानं खालचा ओठ खाली ओढून धरला, म्हणजे सुजलेल्या हिरड्या, ती काळी रेघ, हलणारे दात, सगळं दिसावं. उजेड होता. नुसतं बघायचं होतं.

शेटजींनी झटकन तोंड फिरवलं. "झाक वं, झाक. लाज नाई काय तुले."

मी मिटलं नाही. लाळ हनुवटीवरून लुगड्यावर पडायला लागली तरी तशीच उभी राहिले. एक पंच भिंतीकडे बघत होता, एक आपल्या जोड्यांकडे. चौघांपैकी एकानंही आत पाहिलं नाही. शेवटी त्यांनी शिपायाला हाक मारली आणि मला बाहेर काढलं.

डॉक्टर महिनाअखेर गेले. दवंडी कधी पिटली नाही. कुप्या घराघरांतल्या कोठ्यांत राहिल्या आणि त्या वर्षीची ज्वारी लोकांनी खाल्ली, पोरांनाही खाऊ घातली.